वेशीवरची थोरली

पुस्तकाच्या दुकानात लेखिकेच्या सहीसाठी रांग होती. माझ्यापुढे कॉलेजातली एक मुलगी, तिच्यापुढे पिकल्या केसांच्या एक बाई.

“काकू, तुम्हीपण जादूच्या कादंबऱ्या वाचता?” मुलीनं बाईंना विचारलं.

“ही एकच. माझ्या धाकटीनं लिहिलीय ना.”

“लेखिका तुमची बहीण? मग रांगेत कशाला?”

“वाचणारे सगळे रांगेतच आहेत की.”

“मांत्रिक परत येतो आणि थोरली राजकन्या एकटी वेस अडवते, तिथं मी रडले.”

“ते तिनं मनचं घातलंय. आमचे वडील आम्हाला टाकून गेले होते. आई वारल्यावर घर विकायला परत आले. मी घाबरून किल्ली देणारच होते. ही एवढीशी पोर माझ्यापुढं येऊन म्हणाली, ‘ताईच्या अंगाला हात लावायचा नाही.’”

“मग?”

“आल्या पावली गेले. त्याच घरात बसून लिहिलंय तिनं हे.”

“मग श्रेय थोरलीला का दिलं?”

“तेच विचारणार आहे.”

बाईंची पाळी आली. लेखिका उठून उभी राहिली.

“ताई, तू?”

“सही कर. पण वेशीवर तू होतीस, हे का नाही लिहिलंस?”

“मी ओरडले फक्त. मग तू मला मागं ओढलंस आणि दार अडवून उभी राहिलीस. मला तुझी पाठच दिसत होती.”