दोन रेघांमधला हिवाळा

"तुमच्या विहिरीतलं पाणी कुठून आलं, हे कधी समुद्राला विचारलंय का?"

आदरणीय अध्यक्ष प्राचार्य झुलाल पाटील सर, व्यासपीठावरील मान्यवर, जमलेले आजी-माजी विद्यार्थी, पहिल्या रांगेतल्या मॅडमच्या थोरल्या भगिनी मंजुळाबाई अक्का, आणि ज्यांना निरोप कसा द्यायचा हे मला अजून कळलेलं नाही त्या आपल्या सुलक्षणा मॅडम, सर्वांना नमस्कार.

हे वाक्य मॅडमचं. भूशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी ते आमच्यावर टाकलं होतं. आम्ही हसलो. जळगावात बसून समुद्राला विचारायचं कसं? आणि तो उत्तर देणार कुठल्या भाषेत?

पुढे कळलं, हा प्रश्न त्यांच्या घरचा होता. मॅडम पारोळ्याच्या. त्या लहान असताना एका दुष्काळात विहीर आटली आणि घर उठून जळगावला आलं. त्या वर्षी पावसाला काय झालं हे सगळ्यांना ठाऊक होतं. समुद्राला काय झालं होतं, हे मॅडमना जाणून घ्यायचं होतं.

मग एका संशोधन संस्थेनं लक्षद्वीपच्या पोवळ्याची एक चकती आणि काही तुकडे अभ्यासाला दिले. पोवळं दरवर्षी थोडं वाढतं आणि ऋतूंप्रमाणे त्याच्या सांगाड्यात फिकट-गडद पट्टे पडतात. पाणी तापलेलं असेल तर सांगाड्यात स्ट्रॉन्शियम कमी शिरतं. म्हणजे वर्षही कळतं आणि त्या वर्षीची ऊबही. पट्टे दिसायला मात्र एक्स-रे लागतो. आम्ही चकती टॉवेलात गुंडाळून हाडांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या अरशदभाईंनी न बघताच विचारलं, "पेशंटचं नाव?"

मॅडम म्हणाल्या, "पोवळे."

"वय?"

"तेच काढायला आलोय, भाऊ."

अरशदभाईंनी टॉवेल उघडला, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "फ्रॅक्चर तर दिसत नाही. चहा घेणार का?"

ती फिल्म आम्ही वर्षानुवर्षं खिडकीला लावून, बाहेरच्या नव्या पट्ट्यापासून आतल्या जुन्यांकडे मोजत आलो. आणि इथेच तो गोंधळ झाला. तो मी आजही सोबत घेऊन उभी आहे.

मॅडम वर्ष मोजतात आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया. आपल्याकडे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालदाराचं वर्ष तसंच ठरतं, शेतीचं तसंच, म्हणून पोवळ्याचंही तसंच. पण आखाजी येते ऐन उन्हाळ्यात, आणि तिकडचा समुद्रही तेव्हाच सर्वांत तापलेला असतो. म्हणजे मॅडमचं वर्ष बरोबर उन्हाच्या मध्यावर मोडतं. फिल्मवर एका जागी दोन बारीक रेघा जवळजवळ आहेत. मॅडम म्हणतात, ही दोन वर्षं. मी म्हणते, आखाजीनं मधोमध कापलेला हा एकच उन्हाळा.

रेघेचा वाद एवढा कशासाठी, असं व्यासपीठावरच्या ललित सरांच्या चेहऱ्यावर दिसतंय. सर, त्या रेघांच्या आतल्या बाजूला एक खूप तापलेला पट्टा आहे. मॅडमचं मोजणं खरं असेल, तर तो त्यांची विहीर आटली त्याच वर्षाचा. माझं खरं असेल, तर तो पुढच्या वर्षाचा. मग विहिरीला समुद्रानं काय सांगितलं? मग मॅडमनी आयुष्यभर विचारलं त्याचं उत्तर कुठं गेलं?

अक्कांना हे सगळं एकदा समजावून सांगितलं. आखाजीचाच दिवस होता. पाण्याच्या घागरीखाली पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवून त्या बसल्या होत्या. जे जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमनं पोवळं मांगलं सांगस, मनं ढेकूळ पुढलं सांगस. मंग शानं कोन शे?"

मागचं सांगणारं पोवळं शहाणं की पुढचं सांगणारं ढेकूळ, ते मी अजून शोधतेय, अक्का. हसू नका.

खरं सांगायचं तर मलाही काही दिवस एक रेघ दिसते, काही दिवस दोन. मी आता धुळ्याला प्रयोगशाळेत असते; तिथून इथं येताना बस पारोळ्याला थांबते. मी खिडकीतून बाहेर बघते आणि मला वाटतं, मॅडमचंच खरं असावं. बस हलते आणि पुन्हा वाटतं, असावं म्हणून असतं का?

उत्तर एकाच ठिकाणी आहे. त्या दोन रेघांमध्ये हिवाळा आहे का? असला तर दोन वर्षं, नसला तर एक. पण ते बघायचं तर नेमक्या त्या जागेची भुकटी करून स्ट्रॉन्शियम मोजावं लागेल. बाकीचे तुकडे याआधीच भुकटीत गेले. उरली ही एक चकती, आणि आपण ती आज शाल-श्रीफळासोबत फ्रेम करून मॅडमना भेट दिली. सगळ्यांनी मिळून ठरवलं, मीही होकार दिला. मघाशी त्यांनी फ्रेम हातात घेतली आणि अंगठा बरोबर त्या रेघांच्या जागेवर ठेवला. बोट फिरवलं नाही. झाकून धरल्यासारखा ठेवला.

मॅडमना हे कळायला नको आहे का? की मलाच नको आहे?

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, संयोजकांनी मला वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर मला लहान समजून सोडून द्या. आणि भेट दिलेली वस्तू त्याच व्यासपीठावरून परत मागणं रीतीला धरून नाही, त्याबद्दलही सांभाळून घ्या.

मॅडम, तुम्ही नाही म्हणून मान हलवायला सुरुवात केलीच आहे. तरी विचारते. ती फ्रेम उघडून चकती मला आज धुळ्याला नेऊ द्याल का?