भिंतीपलीकडचे देव

आम्ही मूळचे भुसावळकडचे. यांना इकडे प्लांटमध्ये नोकरी लागली म्हणून मी लग्न होऊन बडोद्याला आले, आणि काय सांगू तुम्हाला, पहिलं वर्ष भाजीवाल्याशी बोलता येईना, आता स्वप्नंसुद्धा अर्धी गुजरातीत पडतात. तरसालीला हे घर बांधलं तेव्हा मागची खोली वेगळ्या दाराची काढली, म्हटलं भाडेकरू ठेवू. जोशीभाऊजी आले ते तिथेच राहिले. मकरपुऱ्याला कारखान्यात फिटर, लग्न केलं नाही, बोलणं कमी आणि पूजा ही लांबलचक. त्यांची घंटी वाजली की मी कुकर लावायचे. माझं तोंड फाटकं, मी विचारायचेसुद्धा, भाऊजी, तुमच्या देवांना कमी ऐकू येतं का हो? नुसते हसायचे. हे वारले तेव्हा सख्ख्या दिराने केलं नसतं एवढं त्या माणसाने केलं.

मग तो कोरोना आला आणि भाऊजींना ताप चढला. सोसायटीतले चार जण फाटकाबाहेर उभे, बेन, भाडूतला काढा. म्हटलं, माणूस आहे तो, मांजर नाही पोत्यात घालून सोडून यायला. पेपरात आलं होतं की असं कुणाला बाहेर काढलं तर मालकावरच केस होते, ते त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा गेले.

ॲम्ब्युलन्स आली तरी भाऊजी बाहेर येईनात. आत खुडबुड चाललेली, ड्रायव्हर हॉर्न मारून वैतागला. शेवटी आले, कुलूप लावलं, किल्ली लांबूनच माझ्या पायरीवर ठेवली, म्हणाले, वहिनी, लक्ष ठेवा. कशाकडे ते बोलले नाहीत, पण त्या खोलीत देवांशिवाय होतं काय? मी म्हटलं, बिनधास्त जा. गेले ते गेलेच, तोंडसुद्धा दिसलं नाही आम्हाला.

त्यांचे दोन पुतणे, एक सुरतेचा, एक नाशिकचा, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. हा फोन करून सांगतो त्याला उघडू देऊ नका, तो सांगतो याला. वर वकिलाची नोटीस मला, खोलीतली वस्तू हलली तर तुम्ही जबाबदार. शेजारच्या नीताबेनचा हितेश वकील आहे, त्याला विचारलं. मासी, ताळुं खोलता नहीं, कुलूप उघडू नका, म्हणाला, घर तुमचं पण कब्जा त्यांचा. अरे, मेलेल्या माणसाचा कब्जा? हो मासी, त्यांच्यामागे वारसांचा, कोर्ट सांगेल तोवर.

आता बघा, किल्ली माझ्या हातात आणि देव आत पारोसे, उपाशी. मी शब्द दिलेला. घास उतरायचा नाही मला. भाऊजींचा देव्हारा माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीलाच लागून, पलीकडच्या बाजूला. मग मी काय करायचे, आमच्या देवांची पूजा झाली की त्या भिंतीला हळदकुंकू लावायचे, भाताची मूद दाखवायची, म्हणायचे, बाबांनो, कोर्टाची अडचण आहे, चालवून घ्या. नीताबेन म्हणायची, बाई भिंतीला जेवू घालते. घालते तर घालते. दोन वर्षं घातलं.

मग पुतणेच थकले आणि समजुतीचा कागद झाला. दोघं आले, पंच आले, हितेश आला, गंजलेल्या कुलपात तेल घालून मीच किल्ली फिरवली. आधी देव्हाऱ्याकडे गेले. रिकामा. खाली अंथरलेलं लाल वस्त्र तेवढं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, किल्ली माझ्याकडेच होती ना. सुरतेचा म्हणाला, चांदीचे होते काकांचे देव. मी ते लाल वस्त्र उचलून झटकून बघितलं.

हितेश सामान लिहून घेत होता, पलंग, पंखा, भांडी. तांदळाचा डबा निघाला, आत नुसते सोंडे, नाशिकचा म्हणाला, फेका बाहेर. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हटलं, थांब रे, परात दे. ओतला तर आतून बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती. पितळेचे होते, चांदीचे नाहीत.

तुम्हाला ठाऊक असेल, गावाला जाताना आपल्यात देव तांदळात ठेवतात. उपाशी राहत नाहीत ते, परत आलं की काढून आंघोळ घालायची. देव उपाशी नव्हतेच हो, मीच उगाच झुरत होते. पण कायमचा निघालेला माणूस देव कुणाच्या तरी हाती देतो. तांदळात ठेवतो तो परत येणारा. दारात ॲम्ब्युलन्स, अंगात ताप, आणि आत ते हेच करत होते. त्यांना परत यायचं होतं. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले, पंचांसमोर, पुतण्यांसमोर, ते गेले तेव्हा रडता आलं नव्हतं तेवढं.

पुतण्यांना देव नकोच होते, सही करून मला देऊन टाकले. आता माझ्याच देव्हाऱ्यात आहेत, घंटी मी वाजवते, त्यांच्याइतकी लांब नाही जमत. खोलीत नवीन जोडपं आलंय, हितेशने करार चांगला जाडजूड केलाय. भिंतीवरचा कुंकवाचा डाग मात्र मी रंगाऱ्याला पुसू दिला नाही.

मागे भुसावळला भाचीच्या लग्नाला गेले, तेव्हा सगळे देव तांदळात ठेवले. डबा कुठल्या फळीवर आहे, ते नीताबेनला दाखवून मगच निघाले. चहा घ्या ना, गार झाला. देव तुमचं भलं करो, जाल तिथून सुखरूप घरी या.