अकरा वर्षं एकच प्रश्न

अध्यक्ष महापौरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, बंदरावरून कामाच्या कपड्यांतच आलेली मंडळी, आणि आमच्या हिल्डा थ्वेटबाई,

बाईंनी सव्वीस वर्षं स्कार्नेसची खासदारकी केली. त्यांतली चोवीस वर्षं त्यांच्या कार्यालयातलं टपाल मी फोडलं, म्हणून बोलायचा मान मला. बाई, डोळे वटारू नका. आज मी तुमचं ऐकणार नाही.

मी रुजू झाले त्याच आठवड्यात एडना कॅवूड भेटायला आली. तिचा नवरा वॉल्टर बोटीचा कप्तान. दोन वर्षांपूर्वी बोट वॉल्टरसह नऊ जणांना घेऊन बुडाली होती. डेकवरून पाणी आत शिरू नये म्हणून असतात ती झाकणं न लावताच बोट हाकली, असा ठपका चौकशीत वॉल्टरवर आला. गावाने एडनाशी बोलणं टाकलं. मी तिला बसासुद्धा म्हटलं नाही. त्या नऊ जणांत माझे वडील होते.

बाईंनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली.

"भरपाई नको मला," एडना म्हणाली. "वॉल्टर झाकणं दोनदा बघायचा. एवढं कुणीतरी मान्य करा."

बाईंनी सभागृहात फेरचौकशी मागितली. नकार. पुढच्या वर्षी पुन्हा मागितली, पुन्हा नकार. पाचव्या वर्षी बाईंच्या पक्षाची सत्ता आली आणि मुख्य प्रतोदांचा फोन आला. मी शेजारीच होते.

"हिल्डा, मंत्री झालीस की तो बोटीचा प्रश्न बंद हं."

"मग मंत्री दुसरी कुणीतरी शोध."

फोन ठेवून बाईंनी त्या वर्षीची मागणी लिहायला घेतली. ते पद त्यांना हवं होतं. कुणाला नको असतं?

अकराव्या वर्षी फेरचौकशी मंजूर झाली आणि पाणबुडे बुडालेल्या बोटीपर्यंत उतरले. झाकणं घट्ट लावलेली होती. फाटला होता तो तळाचा सांधा.

बाई दुपारच्या गाडीने आल्या, आधी एडनाकडे गेल्या, मग माझ्याकडे. "आईला तू सांग. वर्तमानपत्रातून कळायला नको."

आईने ऐकलं. कोट चढवला आणि निघाली. मी मागोमाग. एडनाने दार उघडलं. तेरा वर्षं आई तिला टाळायला रस्ता ओलांडायची.

"एडना, आत येऊ का?"

"ये की गं. थंडीत काय उभी राहतेस?"

बाई, मंत्र्यांच्या यादीत तुमचं नाव नाही. पण माझी आई गेली, तेव्हा तिचा हात एडनाच्या हातात होता.

आपण सगळे आलात, शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. भाषणाची मला सवय नाही; काही राहिलं असेल, जास्त झालं असेल, तर सांभाळून घ्या.