जावंपायी घातलेली माळ

माझं माहेर नेकनूरकडचं, दिलं इकडं शिरूर कासारला, आन् दिलं तसं दर दिवाळी झाली की ऊस तोडायला जायाचं आन् उन्हाळ्यात परत यायाचं, ह्यातच केस पिकले. पन पळन्यात, काय सांगू तुमाला, माझा हात कुनी धरला न्हाई. आमच्या जत्रंत बायकांची शर्यत असती, शाळंपासून देवळापर्यंत, पैली येईल तिला सगळ्यांसमोर लुगडं देतात. सात साल ते लुगडं माझंच. आमचे घरचे मालक म्हनायचे, हिला मटन खाऊ घाला, रस्सा पाजा, हिच्या पायात वारं हाय.

मंग धाकट्या दिराचं लगीन झालं आन् सुमन आली. माळकऱ्याची लेक, हिच्या बी गळ्यात माळ, अंड्याला सुदिक शिवायची न्हाई. मी मनात म्हन्ले, ही काय पळती. पैल्याच जत्रंत मला मागं टाकून गेली. उसाच्या फडात बी तेच, मी एक मोळी घिऊन ट्रकच्या फळीवर चढूस्तोवर हिच्या दोन टाकून झालेल्या. लई जळले मी. खोटं कशाला बोलू, जत्रंच्या टायमाला हिला ताप यावा असं बी वाटायचं.

मंग तिच्या ताटावर डोळा ठिवला. लपून काय तरी खात आसल. काय न्हाई हो, ज्वारीची भाकर, हुलग्याचं माडगं, कारळाची चटनी, शेंगदाने आन् गूळ. मला वाटलं, मंग माळंतच काय तरी हाय. गेल्या साली गावात हरिनामाचा सप्ता बसला, तवा माळ घालून घ्यायला म्हाराजापुढं जाऊन बसले. म्हाराज म्हन्ले, बाई, इचार केला का, ही परत काढता येत न्हाई. केला म्हन्ले. डोक्यात निस्तं लुगडं होतं.

आता आयतवारी घरात मटन शिजतं आन् मी वट्यावर बसून माडगं पिते. गुडघे दुखायचे थांबले, ते मातुर खरं, पन तिला सांगितलं न्हाई. कावून सांगू?

औंदाच्या जत्रंत आमी दोघी बरोबरीनं पळालो. पारापाशी ती पुढं गेली, मागं वळून माझ्या गळ्याकडं बघितलं आन् पाय आवरला. मी पैली आले. लोकांनी टाळ्या वाजिवल्या, कुनाला कळलं न्हाई, मला कळलं. वर येऊन पाया पडली, म्हन्ली, आक्का, तुमी माळ घातली, मला लई बरं वाटलं, घरात एकटीच होते मी. आता तिला काय सांगू, तुझ्यावर जळून घातली म्हनून?

लुगडं ट्रंकंत हाय, घडी मोडली न्हाई. माळ निघत न्हाई आन् मनातलं बी जात न्हाई. काल परत पाया पडली, ऊस तोडायला निघायच्या आधी. डोक्यावर हात ठिवला, म्हन्ले, सुखी राहा, पन पुढल्या जत्रंला थांबलीस तर बघ. ती हसली. मी न्हाई हसले.