सुकदेवचा मंतर

१९८९च्या थंडीत विज्ञानशिक्षक अभिमन सर पारोळ्याच्या बसस्थानकावर धुळ्याच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर मोतीलाल आणि यादव हे दोन म्हातारे शाळासोबती भरिताच्या वांग्यांची पिशवी मध्ये घेऊन बसले होते.

“मोत्या, सुकदेव गेल्यानंतरची ही पहिली भरीतपार्टी. आज वांगी फुटली, तर पुढच्या वर्षी कोणी येणार नाही.”

“फुटतीलच, यादव. मंतर त्यालाच येत होता. भाजण्याआधी तो पुटपुटायचा, आपण बठ्ठे डोळे मिटायचो, अन् एक वांगं फुटायचं नाही.”

“तू कधी डोळे उघडून पाहिलं नाहीस?”

“उघडले तर आंधळा होशील, अशी शाळेतच शपथ घातली होती त्याने!”

“अन् म्हातारा होईस्तोवर पाळलीस?”

“तू नाही पाळलीस?”

“पाळली ना भो.”

वाफेच्या दाबाविषयी बोलावे म्हणून सरांनी घसा खाकरला.

“हे बघ मोत्या, मंजुळावहिनीने त्याची टोपी दिली मला. आत बाभळीचा काटा खोचलेला शे.”

“दात कोरत असेल.”

“दात होते कुठे त्याला?”

मोतीलालने काट्याकडे पाहिले, मग वांग्यांकडे.

“लबाड! आपले डोळे मिटवून हा वांग्यांना टोचे मारत होता!”

दोघेही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. सरांनी वर्तमानपत्र उघडले.

“मग आज, यादव?”

“आज काटा मी मारतो, मंतर तू म्हण.”

“अन् बाकीचे?”

“बाकीच्यांनी डोळे मिटायचे. शपथ शे!”