करंगळी नसलेली जिग

(आयर्लंडमधल्या स्लायगोतलं एक खेडं. मॅलकी टारपीचं स्वयंपाकघर. शेजारची आतेबहीण ब्रिजी छापखान्याचा कागद नाचवत आत शिरली आहे.)

ब्रिजी : ...बसणार नाही आणि बूटही काढणार नाही! गावात फिडलवर वाजणाऱ्या जिगचं, नाचाच्या चालींचं पुस्तक तूच करतोयस ना? मग वाच हे. मोठ्याने.

मॅलकी : 'फेस्टी टारपीची जिग.' बरोबर आहे की. बापाचं नाव वाचता येतं मला.

ब्रिजी : डेलियाची जिग आहे ती, माझ्या आईची! मामाच्या नावावर खपवतोस? लाज कशी वाटत नाही रे?

मॅलकी : ज्याच्याकडून चाल घेतली, त्याचं नाव तिला लागतं. आपल्याकडे असंच चालतं. मी बाबांकडून घेतली.

ब्रिजी : आणि मी आईकडून! मामाने ती फिडलवर वाजवलेली कुणी ऐकलीय? नुसती शीळ घालायचा.

मॅलकी : सोमवारी छपाई आहे. भांडायचं तर चर्चमधल्या फादरकडे जा.

ब्रिजी : आधी उत्तर दे. दुसऱ्या भागात चाल वर चढते, तारेवर करंगळी टेकवायची वेळ येते आणि नेमकी तिथूनच खाली वळते. धडधाकट हाताचा माणूस अशी चाल बांधेल? आईच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. तिनेच बांधली, उरलेल्या बोटांसाठी.

मॅलकी : करंगळी गेली कशी, सांगितलं का आत्याने?

ब्रिजी : तुझ्या बापाने गाढवगाडीची फळी सोडली तिच्या हातावर. वर घरी सांगितलं, हिनेच हात मध्ये घातला. सतरा वर्षांची होती. चाळीस वर्षं त्याच्याशी बोलली नाही. बरंच केलं!

मॅलकी : मग आता गप बस आणि ऐक. कुठलं बोट गेलंय ते बाबांइतकं कुणाला ठाऊक? जिग त्यांनी बांधली, तिच्यासाठी. पण द्यायची कशी? आत्या त्यांचं तोंड बघेना. ती धार काढायला बसली की हे गोठ्याच्या भिंतीमागे उभे राहून शीळ घालायचे. पंधरा दिवस!

ब्रिजी : खोटं.

मॅलकी : तू विचारलंस कधी, कुठून आणली म्हणून?

ब्रिजी : ...गोठ्यात सापडली, म्हणायची.

मॅलकी : झालं तर.

ब्रिजी : काय झालं? माफी मागायला तोंड नव्हतं त्याला?

मॅलकी : नव्हतं. फिडलवर घ्यायचीही हिंमत झाली नाही कधी. अंथरुणाला खिळले तरी रोज एकच विचारायचे, डेलिया वाजवते का रे ती? काय सांगणार? तुमच्या घरातून कधी ऐकूच आली नाही.

ब्रिजी : वाजवायची. सकाळी चूल पेटवायच्या आधी. दारं-खिडक्या लावून.

मॅलकी : रोज?

ब्रिजी : रोज. ...राहू दे तो कागद तसाच.

मॅलकी : एक दिवस तरी दार उघडं ठेवायचं होतं गं तिने.