चौदा खटके

—न्हाई न्हाई साहेब, तो शॉकअपचा डबा ठेवा खाली. लई देखना माल हाय, पिवळाधमक, नळकांडं आरशासारखं, मान्य — पन तो निव्वळ रेसच्या ट्रॅकचा हाय. तुमी म्हनता रविवारी ट्रॅक आन बाकी सहा दिवस रस्ता. मग आधी मला सांगा, शेजारच्या सीटवर कोन बसतं? — हसू नका. बाकीचे मेकॅनिक विचारतात बजेट किती, मी विचारतो शेजारी कोन बसतं. बायको? बरं. ट्रॅकवर बघायला येनार ती, आन तुमच्याच गाडीत परत जानार? जानार. मग बसा असं स्टुलावर.

हे बघा, शॉकअपचं खरं काम म्हंजे टायर जमिनीला धरून ठेवायचं. ट्रॅक तव्यासारखा सपाट — तितं कडक शॉकअप लावला की गाडी वळनात एका अंगाला झोपत न्हाई, सांगाल तितं जाते. तोच कडकपना आपल्या रस्त्यावर आना — एक उखडलेला पॅच लागला की चाक दबायच्या ऐवजी उडतं. आन उडालेल्या चाकाला ना ब्रेक ना स्टेरिंग. म्हनून हा काळा घ्या. दिसायला काय न्हाई, पन डोक्यावर नॉब हाय बघा. फिरवा. ऐकलं? खट, खट. पुढं पार पिळला की दगड, तितनं चौदा खटके मागं आनला की रस्त्याजोगा. ट्रॅकवर उतरताना पिळायचा, घरी निघताना मागं आनायचा. निघताना, साहेब. तेवढं इसरायचं न्हाई.

हाच सेट मी आदिनाथच्या गाडीला बसवला हुता. आदिनाथ म्हंजे माझं जुनं गिऱ्हाईक, औषधाची एजन्सी हाय त्याची, लाल रंगाची दोन सीटची गाडी हुती. बायको रेश्मा, शाळेत खो-खो शिकवते — शिकवायची. आता न्हाई. करमाळ्याच्या पल्याड एकानं खाजगी ट्रॅक केलाय, तितं गेल्तो आमी, ती दोघं त्या गाडीत आन मी माझ्या जीपमधी हत्यारं घेऊन. परत येताना मिरजगाव सोडलं, रिमझिम चालू हुती, डांबर उखडलेलं एक वळन लागलं — आन गाडी सरळ बाभळीवर. रेश्माच्या बाजूनं. खुबा मोडला तिचा, काठी घेऊन चालते. काय करनार, जोरात हुता तो. पंचनाम्यात तेच लिहिलं, पाहुन्यारावळ्यांनी तेच धरलं — रेसची हौस नडली म्हनून — किती? साठ. मी मागंच हुतो ना, माझा काटा साठावर हुता —

व्हय. बरोबर हाय तुमचं. साठ म्हंजे काय जोर न्हाई.

रेश्मा पन तेच सांगत हुती दवाखान्यात, साठच हुता हो, साठच हुता. तिचं कुनी ऐकलं न्हाई. नवऱ्याला वाचवती म्हनले. मला विचारलं तिच्या बापानं — कल्यान, तू मागं हुतास, खरं सांग. मी म्हनलं, मला नीट दिसलं न्हाई, पाऊस हुता. — आता त्या दिवशी ट्रॅकवर झालं असं साहेब, की आदिनाथचा टाईम सगळ्यात भारी आला. पुन्या-मुंबईची पोरं माझ्याभवती, शॉकअप कुनी सेट केले, नंबर द्या दादा तुमचा. मला काय, आयुष्यात पयल्यांदा कुनी असं — आन तिकडनं आदिनाथनं गाडी चालू केली, काच खाली घेतली, ओरडला, "कल्यानदादा, मऊ केलं ना?" मी हात वर केला. "केलं!" केलं न्हवतं. चहा झाला की करू म्हनलं हुतं मनात. तोंडातनं गेलं आपलं. आन गेलं तर गेलं, चार पावलं पळालो असतो, बॉनेटवर थाप मारली असती, थांब म्हनलं असतं — त्या पोरांपुढं लाज वाटली मला, तसाच जीप काढून मागं निघालो.

एवढंच असतं तर — न्हाई, एवढंच न्हाई. तीन दिसांनी आमी चेमटलेली गाडी बघायला गेलो, तो आन मी. तो म्हनला, दादा, एकदा नॉब बघा ना, मला गाडी उडाल्यागत वाटली. मी त्याच्याकडं पाठ केली, वाकलेल्या बॉनेटच्या फटीतनं हात घातला. दोन्ही पार पिळलेले. आन मी ते मागं आनले. चौदा एकीकडं, चौदा दुसरीकडं. खटका वाजतो ना साहेब — म्हनून मी खोकत हुतो. एकेका खटक्याला खोकत हुतो. त्याला वाटलं धुळीनं ठसका लागला, पळत जाऊन बाटली घेऊन आला. "पानी प्या दादा." प्यालो. आन म्हनलं, "मऊच हाय रं, चौदावर हाय." तो तितंच मातीत बसला खाली. मग माझ्याकडनंच झालं, म्हनला. तेच धरून बसलाय दोन वर्षं. सासरा तोंडावर बोलतो, ऐकून घेतो. स्टेरिंगला हात लावत न्हाई, बायकोला दवाखान्यात रिक्षानं नेतो. आन दिवाळीला मला फराळाचा डबा येतो त्याच्याकडनं. रेश्मा करते. बसून करते.

म्या कशाला सांगितलं हे सगळं, शॉकअप घ्यायला आलता तुमी. त्याला सांगितलं का? न्हाई. सावेडीत राहतो, हितनं धा मिनिटं. पाच-सहादा गेलोय गेटापर्यंत. एकदा रेश्मानंच दार उघडलं, आत या म्हनली, मी म्हनलं, सहज चाललो हुतो इकडनं.

न्हाई, डबा नका उचलू. काळा बी न्हाई. उठा साहेब, गाडी घ्या बाहेर, शटर ओढायचंय मला. — एवढ्यात म्हंजे? एवढ्यातच. आज सुट्टी, सकाळचे अकराच वाजलेत, सावेडीत दोघं बी घरीच असत्याल. उद्या? उद्याचं मला इचारू नका. दुसरा मेकॅनिक बघा, आन निघताना नॉब स्वतः हातानं फिरवा, कुनी केलं म्हनलं तरी. व्हा पुढं. जरा सरका, कुलूप लावू द्या.